शुगर, त्सुकर आणि मधुमेह

जर्मनीतल्या एखाद्या आजोबांना मधुमेह असला तर ते काय सांगतात ठाऊक आहे? "इश हाबे त्सुकर." शब्दशः अर्थ, "मला साखर आहे." आपल्याकडे कट्ट्यावरचे काका "मला शुगर आहे हो, माझा चहा बिनसाखरेचा" म्हणतात ना, अगदी त्याच थाटात! फरक एवढाच की जर्मन आजोबा आपल्या घरची साखर वापरतात आणि आपले काका साहेबाची. बरं, आपल्याकडे शब्द नाही म्हणावं तर तसंही नाही. मधुमेह हा शब्द चरक-सुश्रुतांच्या काळापासून आहे. लघवी गोड होते, तिला मुंग्या लागतात, हे आपल्या वैद्यांनी तेव्हाच टिपून ठेवलं होतं. युरोपातल्या डॉक्टरांनी डायबेटिसला 'मेलिटस' हे शेपूट जोडलं, त्याचाही अर्थ 'मधासारखा गोड' असाच आहे. म्हणजे मधुमेह हा काही कुठल्या समितीने बसून पाडलेला शब्द नव्हे, तो अस्सल जुना आहे. तरी काकांच्या तोंडी शुगरच.

इथे राहायला लागल्यापासून मला ह्या शब्दांचा नाद लागला आहे. मी पडलो इंजिनीअर, वैद्यकाशी माझा संबंध पेशंट म्हणून येईल तेवढाच. पण भाषा शिकताना दवाखान्यातली जर्मन मला ऑफिसातल्या जर्मनपेक्षा सोपी गेली, ह्याचं फार नवल वाटलं. डोळ्यांचा डॉक्टर म्हणजे आउगेनआर्ट्स्ट, सरळ 'डोळेवैद्य'. तसाच दातवैद्य, कातडीवैद्य, पोरांचा वैद्य. हॉस्पिटल म्हणजे क्रांकेनहाउस, 'आजाऱ्यांचं घर'. मुतखड्याला निअरेनश्टाइन, 'मूत्रपिंडातला दगड'. काविळीला गेल्बझुख्ट, 'पिवळा आजार'. टॉन्सिल्सना मांडेल्न म्हणतात, म्हणजे चक्क 'बदाम'! घशात आरसा धरून बघा, दिसतातही तसेच.

आता 'एन्टत्स्युंडुंग' हा लांबलचक शब्द घ्या. त्याच्या पोटात आग पेटवण्याचं क्रियापद आहे. फुप्फुसाला जोडला की न्यूमोनिया, बदामाला जोडला की टॉन्सिलायटिस, सांध्याला जोडला की आर्थ्रायटिस. एकदा हा एक शब्द कळला की शरीराच्या ज्या भागाचं नाव पुढे लावाल तिथे आग लागली आहे, हे शाळकरी पोरालाही कळतं. इंग्रजीतल्या 'इन्फ्लमेशन'मध्येही लॅटिनमधली आगच आहे. आणि आपल्याकडे? दाह! तोच अर्थ, तीच कल्पना, आणि शब्द दोन अक्षरांचा. यकृतदाह, संधिदाह असे शब्द कोशांत आहेतसुद्धा. पण गेल्या वीस वर्षांत एखाद्या डॉक्टरने पेशंटला "तुमच्या सांध्याचा दाह झालाय" असं सांगितलेलं तुम्ही ऐकलंत का? मी तरी नाही. "जॉइंटला इन्फ्लमेशन आहे", बस्स. पेशंट मान डोलावतो आणि घरी जाऊन सांगतो, "काहीतरी मिनेशन निघालंय."

वाचताना कदाचित वाटेल की हा बाबा परदेशात बसून मराठीचे गोडवे गाणार आणि इंग्रजीला शिव्या घालणार. थांबा मंडळी, मुद्दा तो नाही.

आधी आपल्या जुन्या शब्दांकडे जरा प्रेमाने बघू. हिवताप. हीव भरून येणारा ताप, म्हणजे लक्षण नावातच सांगितलं. ह्याच्यासमोर 'मलेरिया' ठेवा. तो इटालियन शब्द, अर्थ 'वाईट हवा'. दलदलीवरून येणाऱ्या कुबट हवेने हा ताप येतो असा समज होता. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात परोपजीवी पकडला आणि वाईट हवेचा सिद्धांत कायमचा मोडीत निघाला. नाव मात्र जगभर तेच राहिलं. म्हणजे 'शास्त्रीय' नाव चुकीचं आणि आमच्या आजीचं नाव बरोबर!

अर्धशिशी घ्या. अर्धं शीर्ष, म्हणजे अर्धं डोकं. मायग्रेन हा शब्द ग्रीकमधल्या 'हेमिक्रानिया'वरून झिजत झिजत आला, त्याचाही अर्थ 'अर्धी कवटी'. हजारो मैलांवर दोन माणसं डोक्याची एकच बाजू दाबून बसली आणि दोघांनी एकच नाव ठेवलं. क्षय घ्या. झिजत जाणं. जुन्या जर्मनमध्ये त्याला श्विंडझुख्ट म्हणत, 'विरत जाण्याचा आजार', क्षयाचं जणू भाषांतरच. २४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये ह्या रोगाचा जंतू जाहीर केला, म्हणून आजही २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन असतो. पुढे जर्मनांनी श्विंडझुख्ट सोडून 'टुबेरकुलोझं' स्वीकारलं. आपल्या सरकारी कार्यक्रमात मात्र क्षयरोगच आहे.

धनुर्वाताची गंमत आणखी वेगळी. आपल्या लोकांनी पेशंटचं शरीर धनुष्यासारखं वाकलेलं पाहिलं. जर्मनांनी तीन गोष्टी पाहिल्या आणि तिन्ही एका शब्दात कोंबल्या, वुंडश्टारक्राम्फ. जखम, ताठरपणा, पेटका. (जर्मन भाषेत मालगाडीला डबे जोडावेत तसे शब्द जोडतात, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.) दोन्ही नावं चांगली आहेत. पण जखमेपासून रोग होतो हे जर्मन नावातून कळतं, आपल्या नावातला 'वात' मात्र कळ फिरवून भलतीकडे नेतो. टिटॅनसचा आणि वाताचा काही संबंध नाही. तो जंतूचा उद्योग आहे, आणि त्या जंतूची शुद्ध वाढ कितासातो ह्या जपानी शास्त्रज्ञाने १८८९ साली बर्लिनमध्ये कॉखच्याच प्रयोगशाळेत केली.

म्हणजे समजणारा शब्द नेहमी खरंच बोलतो असं नाही. ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण जर्मन भाषेतच आहे. ऑक्सिजनला इथे झाउअरश्टोफ म्हणतात, 'आंबट पदार्थ'. लाव्हाझिएला वाटलं होतं की प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, म्हणून त्याने 'आम्ल निर्माण करणारा' असं नाव दिलं आणि जर्मनांनी त्याचं इमानदारीने भाषांतर केलं. १८१० साली हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं की मिठाच्या आम्लात ऑक्सिजनचा पत्ताच नाही. लाव्हाझिएची समजूत पडली, आंबट पदार्थ मात्र आजही प्रत्येक जर्मन मूल शाळेत शिकतं. नायट्रोजनला म्हणतात श्टिकश्टोफ, 'गुदमरवणारा पदार्थ', कारण नुसत्या त्या वायूत प्राणी गुदमरतो. आपण ऑक्सिजनला प्राणवायू म्हणालो. ह्या नावात रसायनशास्त्र शून्य, पण २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत वर्तमानपत्रांत 'प्राणवायू' हा शब्द वाचताना त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

कधी कधी शब्द बदलावाच लागतो. कुष्ठरोगाला जर्मनमध्ये आउसझात्स म्हणत. त्यात 'बाहेर टाकणं' हे क्रियापद आहे, रोगाच्या नावातच वाळीत टाकण्याची शिक्षा. आता डॉक्टर लेप्रा म्हणतात. आपल्याकडेही महारोगी हा शब्द मागे पडला ते बरंच झालं. तेव्हा जुना तो सगळा सोन्याचा असं मी म्हणणार नाही.

आणि एक शब्द तर असा आहे की तिथे मराठी जर्मनांच्या पुढे गेली आहे. ८ नोव्हेंबर १८९५ ला वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म रोंटगेनला एक अज्ञात किरण सापडला. बीजगणितात अज्ञात संख्येला एक्स म्हणतात, म्हणून त्याने नाव दिलं एक्स-किरण. जानेवारी १८९६ मध्ये त्याच्या व्याख्यानानंतर कॉलिकर ह्या ज्येष्ठ प्राध्यापकाने सुचवलं की ह्यांना रोंटगेन किरण म्हणा. जर्मनांनी ते इतकं मनावर घेतलं की आज इथे 'रोंटगेन' हे क्रियापदच झालं आहे. "माझा गुडघा रोंटगेनला" असं लोक सहज म्हणतात! आपल्या पाठ्यपुस्तकाने काय केलं? आपल्या बीजगणितात अज्ञात संख्या म्हणजे 'क्ष'. म्हणून क्ष-किरण. रोंटगेनच्या डोक्यात जे होतं ते नेमकं त्या एका अक्षरात उतरलं आहे. ज्याने कुणी हा शब्द पहिल्यांदा लिहिला त्याला माझा साष्टांग नमस्कार.

तर मग चांगला शब्द कोण बनवतं? इथल्या इतिहासात ह्याचं उत्तर बऱ्यापैकी सापडतं. झाक्सनच्या डोंगरांतल्या खाणकामगारांना कधीकधी असं खनिज मिळायचं की दिसायला चांदीचं, भट्टीत घातलं की चांदी नाहीच, वर विषारी धूर. त्यांनी दोष दिला कोबोल्डला, म्हणजे खाणीतल्या खोडकर भुताला. त्यातून कोबाल्ट. तसंच तांब्याचं वाटणारं पण तांबं न देणारं खनिज, त्याला निकेल नावाच्या दुसऱ्या टवाळ भुताचं नाव. पुढे ह्याच कोबाल्टच्या किरणोत्सारी रूपाने, कोबाल्ट-६० ने, जगभर कॅन्सरवर उपचार झाले. अशिक्षित खाणकामगाराची शिवी रसायनशास्त्राच्या तक्त्यात जाऊन बसली, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

विद्वानांनीही शब्द बनवले. सतराव्या शतकात फिलिप फोन झेझेन नावाचा एक गृहस्थ परके शब्द हुडकून हुडकून त्यांना जर्मन पर्याय देत असे. पत्त्यासाठी त्याचा 'आनश्रिफ्ट' आज प्रत्येक फॉर्मवर आहे. पण जोगिणींच्या मठासाठी त्याने सुचवलेला 'कुमारिकांचा कोंडवाडा' अशा अर्थाचा शब्द लोकांनी हसून सोडून दिला. एकोणिसाव्या शतकात पोस्टखात्याचे प्रमुख हाइनरिश फोन श्टेफान ह्यांनी टपालातले शेकडो फ्रेंच शब्द बदलले. रजिस्टर पत्रासाठीचा त्यांचा शब्द टिकला, टेलिफोनसाठीचा 'फेर्नश्प्रेखर', म्हणजे 'दूरबोल्या', मात्र हरला. सगळे टेलिफोनच म्हणतात. सावरकरांच्या भाषाशुद्धीचा हिशोब मांडला तर तो असाच निघतो. दिनांक, क्रमांक, महापौर, दिग्दर्शक हे शब्द आज त्यांचे म्हणून कुणाला आठवतही नाहीत, इतके आपले झाले. काही शब्द कोशातच राहिले. लोक पुस्तक बघून शब्द घेत नाहीत, जिभेवर ठेवून बघतात.

आता आपल्याकडचीच दोन उदाहरणं. रासायनिक खत घेणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. नत्र, स्फुरद, पालाश हे तीन शब्द तो झोपेतही सांगेल. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. अंधारात चमकतो म्हणून ग्रीकमध्ये 'प्रकाशवाहक', आणि आपल्या शब्दातही तीच चमक. (हा फॉस्फरस १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांडला सापडला तो लघवी आटवता आटवता, सोनं काढण्याच्या नादात!) शहरातल्या बी.एस्सी.वाल्याला स्फुरद माहीत नसतो, शेतकऱ्याला असतो, कारण त्याला त्याची रोज गरज पडते.

दुसरं उदाहरण माझ्या धंद्यातलं. व्होल्टेजला जर्मन म्हणतात श्पानुंग, म्हणजे 'ताण', तोच शब्द जो दोरीला आणि मनाला लागू पडतो. आमच्या मराठी पाठ्यपुस्तकात त्याला होतं विभवांतर. हा शब्द पाठ करून मार्क मिळतात, अर्थ लागत नाही. पण वीजमंडळाच्या लोकांनी काय केलं? उच्चदाब वाहिनी, लघुदाब ग्राहक, कमी दाबाने वीजपुरवठा. दाब! पाण्याच्या नळाचा दाब ज्याला कळतो त्याला विजेचाही कळतो. समितीला जे जमलं नाही ते खांबावर चढणाऱ्यांच्या खात्याला जमलं.

एवढं सगळं सांगायचं कारण आता येतं. मध्यंतरी माझ्या मावशीचं डिस्चार्ज कार्ड घरच्यांनी मला फोटो काढून पाठवलं. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही हॉस्पिटलात होतं. वर लिहिलेलं, 'के-सी-ओ एचटीएन, टीटूडीएम, ओल्ड सीव्हीए'. म्हणजे काय, तर रक्तदाब आहे, मधुमेह आहे, पूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे. हे तिन्ही शब्द मावशीला उत्तम कळतात. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे, रोज पेपर वाचते. पण ते कार्ड तिला वाचता येत नाही, आणि त्या आधी तीन पानी इंग्रजी संमतीपत्रावर तिने सही केली, तेही तिला वाचता आलं नाही. स्वतःच्या शरीराबद्दलचा कागद समजून घ्यायला तिला जर्मनीतल्या भाच्याची गरज पडावी?

इथेही डॉक्टर आपापसांत लॅटिन-ग्रीकच बोलतात बरं का. एका डॉक्टरने दुसऱ्याला लिहिलेलं पत्र सामान्य जर्मन माणसाला कळत नाही. म्हणून तर २०११ साली ड्रेस्डेनमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांनी एक उपक्रम सुरू केला, नाव 'मला काय झालंय?' अशा अर्थाचं. पेशंटने आपला रिपोर्ट पाठवायचा आणि विद्यार्थ्यांनी तो साध्या जर्मनमध्ये लिहून परत द्यायचा, फुकट. पण मुख्य गोष्ट अशी की पेशंटशी बोलताना भाषा बदलायची असते हे इथे गृहीत आहे. २०१३ च्या पेशंटच्या हक्कांच्या कायद्याने तर ते लिहूनच ठेवलं, की ऑपरेशनपूर्वीची माहिती पेशंटला समजेल अशी दिली पाहिजे. आणि परदेशातून इथे काम करायला येणाऱ्या डॉक्टरांची भाषेची परीक्षा होते, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. एकात पेशंटशी बोलायचं, दुसऱ्यात ते लिहून काढायचं, तिसऱ्यात दुसऱ्या डॉक्टरला सांगायचं. एकच आजार दोन भाषांत मांडता आला पाहिजे. पेशंटसमोर नुसतं 'न्यूमोनी' म्हणून गप्प बसलात तर चालत नाही, 'फुप्फुसाची आग' कशी ते सांगावं लागतं.

आपल्याकडे चर्चा भलत्याच टोकाला जाते. २०२२ साली मध्य प्रदेशात एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली आणि इकडे दोन तट पडले. एक म्हणे वैद्यक मराठीतूनच शिकवा, दुसरा म्हणे देश मागे जाईल. माझ्या मते डॉक्टर कुठल्या भाषेत शिकला हा नंतरचा प्रश्न. तो माझ्या मावशीशी कुठल्या भाषेत बोलतो हा आधीचा. कॉलेजात इंग्रजी शिका, परिषदेत इंग्रजी बोला. पण महाराष्ट्रात पेशंट तपासणाऱ्याला पन्नास-साठ नेहमीचे आजार, तपासण्या आणि ऑपरेशनं साध्या मराठीत सांगता आली पाहिजेत, आणि इंटर्नशिप संपताना त्याची वीस मिनिटांची परीक्षा व्हायला काय हरकत आहे?

"अहो, बीपी, शुगर, ॲटॅक हेच आता मराठी शब्द झालेत", असं कुणी म्हणेल. मान्य! राहू देत. टेबल आणि स्टेशनासारखे तेही आपलेच. स्टेंटलाही मराठी शब्द पाडू नका, पण "नळी चोंदलीय, ती उघडी राहावी म्हणून आत तारेच्या जाळीची बारीक नळी बसवतो" एवढं वाक्य बोला. त्याला कोश लागत नाही, दोन मिनिटं लागतात. गर्दीच्या सरकारी दवाखान्यात ती दोन मिनिटंही महाग आहेत हे मला कळतं. म्हणूनच छापील कागद हवा. प्रत्येक नेहमीच्या ऑपरेशनचं संमतीपत्र एकदाच चांगल्या मराठीत लिहून काढलं तर नंदुरबारपासून सावंतवाडीपर्यंत चालेल.

आणि ते लिहिताना एक करा. नुसते संस्कृतचे जाणकार बसवू नका. एक डॉक्टर, एक भाषेचा माणूस, आणि त्यांच्या शेजारी एक आशाताई आणि एक अनुभवी नर्स बसवा. भाषा संचालनालय १९६० पासून कोश काढतं आहे, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे, विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. शब्दांचा साठा आपल्याकडे भरपूर आहे. त्यातला कुठला शब्द पेशंटला कळतो आणि कुठल्यावर तो नुसती मान डोलावतो, हे मात्र आशाताईलाच माहीत असतं.

तोवर आपल्या हातात एक सोपी गोष्ट आहे. पुढच्या वेळी आईवडिलांना घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा सही करण्याआधी डॉक्टरांना नम्रपणे एवढंच म्हणा, "डॉक्टर, हे आईला मराठीत सांगाल का?" बहुतेक डॉक्टर सांगतात. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.